बर्फ बघायला गेलेल्याची बायको

वडप्याला हायवेच्या मागच्या अंगाला आमची आळी. तिथं माझ्या घराला लागून चिंधूभाऊंचं घर. मधली भिंत एकच. त्यामुळं त्या घरात कोण कुणाला काय बोललं, हे मला चुलीपाशी बसून कळायचं. टीव्ही तर जास्तच. चिंधूभाऊ कामतघरच्या कापड कारखान्यात लूम दुरुस्त करायचे आणि लूमच्या खडखडाटानं त्यांचे कान अर्धे गेले होते. ते ड्युटीवरून आले की टीव्ही एवढा मोठा व्हायचा की माझ्या फळीवरच्या वाट्या वाजायच्या.

आणि बघायचे काय? सिरीयल नाही, क्रिकेट नाही. वाळवंटं, जंगलं, बर्फाचे डोंगर. एखादा गोरा माणूस पाठीवर बोजा घेऊन नदी ओलांडतोय आणि हिंदीत कुणीतरी जड आवाजात सांगतंय की इथून पुढं माणसाची वस्ती नाही. चिंधूभाऊ ताट मांडीवर घेऊन बघत बसायचे. डाळीत बुडवलेला घास हातातच सुकायचा.

त्यांची बायको तुळजावैनी. उंच, काटक, बोलण्यात धार. तिला त्या कार्यक्रमांचा पहिल्यापासून संताप.

"माणूस न्हाय तिथं काय बघायचंय तुमाला?" ती ओरडायची. "हितं घरात तीन माणसं हायत. त्यांच्याकडं बघा जरा."

तीन म्हणजे ती, कॉलेजला जाणारी मुलगी वैशाली आणि चिंधूभाऊंची आई बायजाबाई. बायजाबाईच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू सगळी लुळी, बोलणं अर्धं-मुर्धं. खाटेवर पडून असायची. तिला उचलायचं, धुवायचं, भरवायचं, सगळं वैनीकडं. चिंधूभाऊ आईला हात लावत नसत. किळस वाटायची असं नाही म्हणणार मी, पण खाटेकडं पाठ करून बसायचे एवढं खरं.

वडप्याला गोडाऊनं झाली तसे हायवेला देशभरचे ट्रक उभे राहायला लागले. चिंधूभाऊ सुट्टीच्या दिवशी ट्रकवाल्यांमध्ये जाऊन बसायचे. कोण आसामचा, कोण पंजाबचा. त्यांना विचारत बसायचे, तिकडं थंडी कशी असते, रस्ता कधी उघडतो. आम्हाला वाटायचं, कान अधू झालेला माणूस, चार लोकांत बसतोय तर बसू दे.

मे महिन्यात एके दिवशी डबा घेऊन ते ड्युटीला म्हणून निघाले. दुपारी वैनीचा फोन वाजला. ती ओट्यावर सासूचे कपडे पिळत होती, तिनं फोन स्पीकरवर टाकला, म्हणून मी पण ऐकलं.

"मी जरा लेहला चाललोय," चिंधूभाऊ म्हणाले. मागं ट्रकचा आवाज येत होता. "ओळखीची गाडी मिळाली. बर्फ बघून येतो."

वैनीला आधी कळलंच नाही. "कुठं?"

"लेह. लडाख. टीव्हीत दाखवतात न्हाय का ते."

"आन् आईचं? तिचं हागणं-मुतणं कोण काढणार?"

"तू हायस ना," ते म्हणाले. चिडून नाही. सहज. मग फोन बंद झाला आणि परत कधी लागला नाही.

ते दोन शब्द वैनीला जे लागले ते आजपर्यंत निघाले नाहीत. नवरा पळाला याचा एवढा राग नव्हता तिला. तिला न विचारता तिला गृहीत धरून चालले, त्याचा होता.

महिना झाला तसे राघोकाका आले. राघोकाका म्हणजे चिंधूभाऊंचे चुलतभाऊ, भावकीतले मोठे. म्हणाले, पोलिसात हरवल्याची तक्रार देऊ.

"हरवला न्हाय तो," वैनी म्हणाली. "हरवतं ते ढोर. तो गेलाय. त्याला वाट माहीत हाय."

"अगं पण काय झालं-बिलं असलं तर?"

"तर तिथल्या लोकांनी बघावं. आमी हितलं बघतोय."

त्या दिवसापासून तिनं नवऱ्याला 'ते' म्हणायचं सोडलं. 'तो' म्हणायला लागली, आणि तेही शिवी दिल्यासारखं.

तिला गोडाऊनमध्ये पॅकिंगचं काम मी लावून दिलं. मी आधीपासून तिथंच होते. शिफ्टला जायच्या आधी सासूला धुऊन-पुसून, आल्यावर परत तेच. मधल्या वेळात वैशाली. पोरीचं कॉलेज अर्ध्यावरच राहिलं. टीव्ही वैनी फोडणारच होती. वरवंटा उचललेला मी डोळ्यांनी बघितला. पण बायजाबाईनं खाटेवरून असा आकांत केला, की वैनीचा हात थांबला. म्हातारीला टीव्ही पाहिजे होता. तोच, डोंगराचा, बर्फाचा. तिच्या अर्ध्या जिभेतून एकच निघायचं, "चिंधू दिसंल."

मग काय, ज्याचा संताप तोच कार्यक्रम घरात सकाळ-संध्याकाळ. नवरा असताना वैनी तिकडं बघायची नाही. आता सासूला भरवताना तिलाही बघावं लागायचं. आणि बघता बघता ती त्यातल्या खोड्या काढायला लागली. मी बाजूला बसलेली असले की मला सांगायची, "ह्यो बघ, म्हणतो मी एकटाच हाय. मंग ह्याचं शूटिंग कोण करतंय? त्याचा बाप?" नाहीतर म्हणायची, "ह्याच्या घरी आई असंल का गं? तिचं कोण करत असंल?" एकदा एक बाई दाखवली, एकटीनं वाळवंट ओलांडणारी. वैनीनं सासूला एक घास भरवला. मग म्हणाली, "हिला जाऊ दिलं." एवढंच.

एक दिवस डोंगरातल्या रस्त्याचा कार्यक्रम होता. चहाच्या टपरीपुढं मफलर गुंडाळलेली माणसं उभी होती. बायजाबाईनं डावा हात उचलला आणि किंचाळली, "चिंधू! चिंधू!"

वैनीनं बघितलं. मीही बघितलं. कुणीतरी दुसराच होता, नाक चपटं, डोळे बारीक. मला वाटलं म्हातारीच्या समाधानाला वैनी 'हो' म्हणेल. मीच म्हणणार होते.

"न्हाय तो," वैनी म्हणाली. "तुमचा पोरगा न्हाय यायचा आता. त्यानं तुमाला माझ्यावर टाकलंय, तसं मी तुमाला कुणावर टाकणार न्हाय. पण खोटं पण न्हाय बोलणार."

म्हातारी रडली. वैनीनं तिचं तोंड पुसलं, पेजेचा पुढचा घास भरवला. हात मऊ होता, चेहरा दगडाचा.

दुसऱ्या वर्षी भात कापणीच्या दिवसांत बायजाबाई गेली. चिंधूभाऊंचा फोन लावून बघितला, नंबरच बंद. अग्नी राघोकाकांनी दिला. सगळ्या बायका रडत होत्या, वैनी नाही. तिनं खाट अंगणात आणून उन्हात घासली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

ती खाट तशीच उभी होती, तेव्हा चिंधूभाऊ आले.

दुपारची वेळ. आम्ही दोघी शिफ्ट करून आलो होतो. अंगणात एक काळवंडलेला माणूस उभा. गालाची कातडी भाजल्यासारखी, डाव्या हाताची दोन बोटं टोकाला काळी. मला ओळख पटायला वेळ लागला. वैनीला नाही लागला.

"आई कुठाय?" त्यांनी विचारलं.

"जाळली," वैनी म्हणाली.

ते तिथंच खाली बसले. मग सांगायला लागले. लेहला पोचल्यावर जवळचं सगळं संपलं, मग रस्ता बांधणाऱ्यांच्यात खडी फोडायला लागले. फोन दरीत पडला. यायचं म्हणून निघाले तर बर्फानं घाट बंद झाला. मग ढाब्यावर भांडी घासली. उन्हाळा आला, तरी पाय निघाला नाही. आणि सांगता सांगता माणसाचा आवाज बदलला. म्हणाले, "तुळजे, टीव्हीत दाखवतात तसा न्हाय बर्फ. सकाळी त्याच्यावर ऊन पडतं ना..."

"मला सांगू नको तू बर्फ," वैनी म्हणाली.

तिनं त्यांना 'तू' म्हटलं तेव्हा चिंधूभाऊंनी वर बघितलं. कान अधू, पण ते त्यांना ऐकू गेलं.

"दीड वर्ष रोज बघितलाय मी बर्फ. तुझ्या आईला भरवताना. तुझ्यापेक्षा जास्त बघितलाय. ऊठ."

संध्याकाळी राघोकाका आणि भावकीतली चार माणसं अंगणात बसली. वैनी दारात उभी. राघोकाका समजुतीनं बोलत होते. माणूस चुकला, हाल काढून परत आला, व्यसन नाही, बाई नाही, घरात घे.

"बाई ठेवली असती तर मला कळलं असतं," वैनी म्हणाली. "तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. डोंगराच्या काय उपटू?"

एक-दोघं हसले. ती हसली नाही. चिंधूभाऊंकडं बघून म्हणाली, "आईला कुठल्या कुशीवर झोपवायला लागायचं? सांग."

ते भिंतीला टेकवलेल्या खाटेकडं बघायला लागले.

"पाठीला जखम कुठं झालती?"

राघोकाकांचा धीर सुटला. "तुळजा, आता हे उगाळून काय मिळणार? शेवटी घर त्याच्या बापाचं हाय. त्याला त्याच्याच घरात येऊ न देणारी तू कोण?"

मला वाटलं आता ही आकाशपाताळ एक करणार. पण वैनी आत गेली. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात डबे. वैशालीला म्हणाली, "चल."

"वैनी, कुठं?" मी विचारलं.

"घर त्याच्या बापाचं हाय ना. राहू दे त्याला. टीव्ही पण हाय आत. बघत बस म्हणावं."

ती खरंच गेली. कामतघरला चाळीत एक खोली घेतली, कारखान्याच्या पाठभिंतीला. तिथून रिक्षा बदलत वडप्याला कामाला यायची, पण आळीत पाऊल टाकायची नाही. चिंधूभाऊ दोन-तीनदा गोडाऊनच्या गेटवर येऊन उभे राहिले. एकदा मी सोबत होते. ते म्हणाले, "माझं चुकलं." ती थांबली. पुढं काहीतरी असेल असं तिला वाटलं असावं. मग ते म्हणाले, "घर खायला उठतं." तशी ती चालायला लागली. मला म्हणाली, "बघितलंस? अजून त्याचंच चाललंय."

पण या रागाची झळ तिलाही बसली. वर्षभरात चिंधूभाऊंची छाती धरली. धाप लागायची, काम सुटलं. वैशाली आईला म्हणाली, एकदा बघून तरी ये. वैनी नाही म्हणाली. पोरगी भांडली. "तू पण तसलीच. त्यानं आजीला टाकलं, तू त्याला टाकलंस." ही गोष्ट मला वैशालीनंच सांगितली, रडत, कारण तिच्या आईनं त्यावर तिच्या तोंडात मारली होती. पोरगी पिशवी भरून वडप्याला बापाकडं आली ती आली. आता तीच त्यांना दवाखान्यात नेते, भात रांधते. माझ्या भिंतीपलीकडं आता दोघांचं हळू बोलणं ऐकू येतं. वैनी कामतघरला एकटी.

गोडाऊनमध्ये ती आता बायकांच्या लाइनवर देखरेख करते. पोरी तिला टरकून असतात. कुणी उशिरा आली आणि नवऱ्याचं कारण सांगितलं, की तिला जास्त बोलणी बसतात.

मागच्या डिसेंबरात आम्ही बायकांनी मिळून एक गाडी केली आणि माळशेज घाटात सहलीला गेलो. वैनी येणार नव्हती. मीच हट्टानं नेली. गाडीत सगळ्या गात होत्या, ही खिडकीशी तोंड वाकडं करून. घाटात उतरलो. कठड्यापाशी गेलो तर समोर कडेच कडे, खाली दरी, दरीत धुकं भरलेलं, आणि उन्हानं ते वरून वरून विरत चाललेलं. पोरी फोटो काढायला लागल्या. वैनी कठड्याला धरून उभी राहिली. आमचं खाणं झालं, पोरींचं हिंडून झालं, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, तरी ती हलेना. मी जाऊन हात धरला तर हात झटकला.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी विचारलं, "वैनी, आवडलं न्हाय का?"

"आवडलं," ती म्हणाली. "लई आवडलं."

"मग तोंड का असं?"

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "त्यानं 'जातो' म्हणून सांगितलं. 'येतेस का' म्हणून एकदा पण विचारलं न्हाय. मी न्हायच म्हणले असते, म्हातारीला टाकून कुठं जाणार होते? पण विचारलं न्हाय." मग तुकडा डब्यात परत टाकला. "काल तिथं उभी होते ना, तवा पहिल्यापेक्षा जास्त राग आला मला त्याचा. आता तर मी जन्मात त्या दारात जाणार न्हाय."

शिफ्टची बेल झाली. वैनी उठली, हात धुतले आणि एका पोरीनं बॉक्सवर टेप वाकडी लावली म्हणून तिच्यावर खेकसली.