करंडा
दक्षिणेचं वारं सुटलं की मला बंदरावरचं ते हळदीकुंकू आठवतं. तेव्हा मी नगरपालिकेत कारकून होते. आदल्या वर्षीच्या वादळाचा मदतनिधी शिल्लक होता आणि तो महिलांच्या कार्यक्रमांकडे वळवायचा ठराव झाला होता. निधी का उरला, ते मला ठाऊक होतं. आमच्याच वाडीतल्या एका बाईचा खलाशी नवरा त्या वादळातून परतलाच नव्हता, आणि तो मेला असं लिहिलेल्या कागदावर सही करायला तिने साफ नकार दिला होता. तिने न घेतलेल्या त्या पैशांतूनच मांडव पडला, वाणाला स्टीलचे डबे आले. आणि ती आली, हिरव्या बांगड्या भरून, अबोलीचा वळेसर माळून. बायका एकमेकींकडे बघू लागल्या, मांडवाचं कापड फडफडत राहिलं. कुंकवाचा करंडा माझ्या हातात होता. "लाव गो, थांबलंस कित्याक? माझो घोव मरूक नाय," ती म्हणाली. मी कसंबसं बोट टेकवलं, तेव्हा तिने माझं मनगट धरलं आणि हळूच विचारलं, "तुझो पण दर्यात जाता ना?" मी मान डोलावली. "मगे तुका कळतला." तिची बोटं गार होती. त्याला आता बरीच वर्षं झाली. माझ्या नवऱ्याची होडी परवा संध्याकाळी यायला हवी होती. आज सकाळी दार उघडलं, तर ती बाई करंडा घेऊन उंबऱ्याशी उभी होती. मी कपाळ पुढे केलं.