साहेबांनी चूक कबूल केली तेव्हा

माझ्या बाबांच्या डाव्या पायाला बोटं नाहीत. सीमेवरच्या लढाईत माघार घेताना सुरुंगावर पाय पडला, तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, गोहलपूर भागात, एक कारागीर अजून त्यांच्या डाव्या बुटात पुढे फोम भरून देतो. फौजेतून आल्यावर बाबांनी सरकारी कचेरीत शिपायाची नोकरी केली, आम्हाला शिकवलं, आणि पायाबद्दल कधी तक्रार केली नाही.

तक्रार मीच करायची. ज्या साहेबांनी त्यांच्या कंपनीला टेकडीवर अडकवून ठेवलं, त्यांच्याबद्दल. ती गोष्ट मला लहानपणापासून पाठ आहे. शेजारच्या चौकीवरच्या अधिकाऱ्याने आपली माणसं वेळेत मागे घेतली. आमच्या साहेबांनी घेतली नाहीत. टेकडी गेली, आणि अर्धी कंपनीही गेली. तरी घरात फोटो साहेबांचाच. त्या शेजारच्या अधिकाऱ्याचं नावसुद्धा बाबांना आठवत नाही.

मागच्या हिवाळ्यात माजी सैनिकांच्या एका मंडळाने साहेबांचा सत्कार ठेवला. बाबांनी कोट धुवायला दिला, कमानिया गेटजवळच्या बाजारातून शाल आणली. मी चिडले.

"काहून जाऊन राहिले तुम्ही? ज्याच्यापायी पाय गेला, त्यालाच शाल?"

"तुले नाही समजायचं. सकाळी स्कूटर काढ फक्त."

हॉल गच्च भरला होता. साहेब आता ऐंशीच्या पुढचे, वाळलेले. माइक दोन्ही हातांनी धरून ते हिंदीत बोलायला लागले. मी चुकलो होतो, ते म्हणाले. मागे या, असा हुकूम मला मिळाला होता. मला वाटलं, मदत येईल. माझ्या हट्टामुळे माझी माणसं मेली. शेजारच्या चौकीवरचा अधिकारी माझ्याहून शहाणा होता, त्याची सगळी माणसं घरी पोचली. आज तुम्ही त्याला बोलवायला हवं होतं.

हे वाक्य कोणीतरी बोलावं म्हणून मी किती वर्षं वाट पाहिली होती! मला वाटलं, आता लोक निदान गप्प बसतील. मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग आणखी दोघांनी. बघता बघता अख्खा हॉल उभा राहिला. माझ्या शेजारचे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "देखा दीदी? कितना बड़ा दिल है!" साहेब हात हलवून थांबवायला लागले, तसा टाळ्यांचा जोर वाढला. बाबाही उभे होते, काठी काखेत धरून टाळ्या वाजवत.

नंतर शाल द्यायला बाबा रांगेत उभे राहिले. साहेबांनी आधी त्यांच्या बुटाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"पैर कैसा है?"

"एकदम फिट, साहब."

"मुझे माफ करना."

"ऐसा मत बोलिए, साहब!" बाबा जवळजवळ ओरडलेच. लहानपणी आम्हाला दटावताना लागायचा, तो आवाज. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मदत मागावी तसं. मला बोलता आलं असतं. मी नुसती नमस्ते म्हणाले.

परत येताना रस्त्याच्या कडेला मी स्कूटर थांबवली. "ते स्वतः म्हणाले, चुकलो म्हणून. ऐकलं नाही का तुम्ही?"

"ऐकलं." बाबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "मंग मीबी तसंच म्हणू? दोन दिवस त्याहिच्या भरोशावर थांबलो तिथं. थे मूर्ख असतीन, त मी कोण?"

"आणि तो दुसरा अधिकारी?"

"त्याची माणसं घरी गेली. त्याले अजून काय पाह्यजे?"

मला आणखी राग आला. बाबांचं एक वेळ समजू शकते. पण हॉलमधल्या त्या लोकांचं काय गेलं होतं? शहाणपणाने वाचलेली माणसं घरी आली, जेवली, म्हातारी झाली. त्यात डोळे पुसण्यासारखं काही नाही, म्हणून त्यांना वाचवणाऱ्याला कोणी बोलावत नाही.

पुढच्या रविवारी बाबांना घेऊन मझौली गावाला गेले. बाबांचा एक सोबती त्या टेकडीवर मेला. त्याची बायको तिथे मुलांसोबत शेती सांभाळते. अंगणात मटार सोलत बसली होती. बाबांनी तिला सगळा कार्यक्रम सांगितला: हॉल कसा भरला, लोक कसे उभे राहिले. साहेब काय बोलले, तेवढं वगळून. मला राहवलं नाही.

"काकी, साहब ने कहा, गलती उन्हीं की थी."

तिचे हात थांबले नाहीत. "मालूम है, बेटा. बरसों पहले चिट्ठी भेजी थी उन्होंने. यही लिखा था."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. "आपने कभी बताया नहीं, भाभी?"

"आप सुनते क्या?"

बाबांनी समोरच्या ढिगातून मूठभर शेंगा उचलल्या आणि सोलायला लागले. आता तरी काही बोलतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी विचारलं, यंदा मटारला पाणी किती द्यावं लागलं.