वयानं जाड झालेला पाइप

पाचोरा रस्त्यावरच्या सरकी तेलाच्या रिफायनरीत शकीलभाई एकतीस वर्षं लोखंडाची नाडी बघत आले. बॉयलर, टाक्या, वाफेचे पाइप, कुठं काय झिजलं, कुठं गंज आत शिरला, हे सांगायचं आणि तपासणीच्या रजिस्टरात सही करायची. काम दिसायला सोपं. सगळं ठीक असलं की कुणी विचारत नाही, आणि बिघडलं की सही कुणाची हे सगळ्यांना पाठ. मार्चमध्ये ते निवृत्त व्हायचे होते. या माणसाला आता सगळ्याचाच कंटाळा आला होता, जिन्याचासुद्धा.

त्या दिवशी दसरा होता. आदल्या दिवशी खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना दरवर्षीसारखा चंदेरी रंग लागला होता, हळदकुंकू वाहिलं होतं, झेंडूच्या माळा चढल्या होत्या. अकराच्या मुहूर्तावर मालक नारळ फोडणार, बॉयलर पेटणार आणि हंगाम सुरू होणार. त्याआधी शकीलभाईंची सही हवी होती.

बॉयलरमधून निघालेला वाफेचा मोठा पाइप जिथं वळतो, त्या कोपऱ्यावरची उष्णता अडवणारी लोकरीची गादी केव्हाच गळून पडली होती. त्या उघड्या कोपऱ्याखाली लोटनचं स्टूल. लोटन एकोणीस वर्षं तिथंच बसून काचेतलं पाणी आणि काट्यावरचा दाब बघायचा. शकीलभाई शिडीवर चढले, जाडी मोजायचं यंत्र कोपऱ्याला टेकवलं आणि खाली येऊन आकडा लिहायला बसले. पाच पूर्णांक चार मिलिमीटर. वर गेल्या वर्षीचा आकडा होता पाच पूर्णांक दोन. त्याच्यावर पाच पूर्णांक एक, आणि त्याच्याही वर पाच.

पेन तसंच थांबलं. लोखंड वयानं झिजतं. जाड होत जाणारा पाइप त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि इथं तर तीन वर्षं त्यांच्याच अक्षरात तो लठ्ठ होत चालला होता.

चूक कुठं झाली हे त्यांना लगेच कळलं, कारण ती त्यांचीच होती. मोजण्याआधी रंग खरवडून लोखंड उघडं करायचं असतं. पण खरवडायला दोन हात लागतात, शिडीवर दहा मिनिटं उभं राहावं लागतं. तीन वर्षांपूर्वी गुडघे बोलायला लागले, तेव्हापासून ते एका हातानं शिडी धरून रंगावरूनच आकडा घेत होते. रंगाची जाडी आकड्यात मिसळत होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

ते कानस घेऊन पुन्हा वर चढले. खालून लोटन म्हणाला, "शकीलभाई, कालदिनच रंग दिन्हा मी, आनि तुम्ही आजच खरडी राह्यनात?"

"किती हात देतोस रे इथं?"

"बठ्ठास्ले एक. पन तठे तुम्ही आकडा लेतस ना, म्हनीसन तठे दोन-तीन जास्ती. दरसाल."

बाकी सगळ्यांना रंगाचा एक हात, आणि नेमक्या मोजायच्या जागी दोन-तीन जास्त; शकीलभाई कानस चालवत राहिले. पापुद्र्यामागून पापुद्रा निघत गेला आणि शेवटी लोखंड चकाकलं. यंत्र टेकवलं. दोन पूर्णांक सहा. चारच्या खाली गेलं की पाइप बदलायचा, असा नियम त्यांनीच भिंतीवर लावला होता.

मॅनेजर प्रेमराज केबिनमध्ये नवा सदरा घालून बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "दिवाळीपर्यंत चालवू. तीन वर्षं चाललाच ना? आजच्या मुहूर्ताला मी मालकांना काय सांगू?"

"पाइप बदलल्याशिवाय बॉयलर पेटणार नाही, असं सांगा."

"मग मागच्या तीन सह्यांचं काय? चौकशी होईल, शकीलभाई. मार्चला पाच महिने राहिलेत, फंड अडकेल. विचार करा."

विचार त्यांनी केला. घरी बायको जरीनानं मार्चनंतर कुठं कुठं जायचं याची यादी करून ठेवली होती. मग त्यांनी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, मागील तीन वर्षांचे आकडे रंगावरून घेतले असल्यानं चुकीचे आहेत, जबाबदारी माझी; आजचा आकडा दोन पूर्णांक सहा, पाइप बदलल्याशिवाय बॉयलर पेटवू नये. खाली सही केली. ती नेहमीसारखीच आली.

ते बॉयलरपाशी परत आले. लोटन स्टुलावर बसून काड्यापेटी घेऊन वाट बघत होता.

"आज नाही पेटवायचा," शकीलभाई म्हणाले. "तुझ्या डोक्यावरचा पाइप कागदासारखा झालाय. तीन वर्षं मी तो नीट मोजला नाही. चूक माझी."

लोटननं मान वर करून कोपऱ्याकडं बघितलं. मग उठला, स्टूल उचलून दारापाशी नेऊन ठेवलं आणि उपरण्यानं पुसलं.

"बसा आठे," तो म्हणाला. "दोनदा चढनात, गुडघा दुखत व्हई तुमना."

शकीलभाईंना बसवेना.