प्रसाद नाकारणाऱ्या पेटंटताई

विघ्नहर्त्या श्रीगजाननाच्या चरणी मस्तक ठेवून आणि आमच्या भोईवाड्याच्या मारुतिरायाचे स्मरण करून, यंदाच्या माघी गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी हे लिहावयास घेतले आहे. मंडळाची मुले म्हणाली, "गुरुजी, चाळ सोडून गेलेल्या एखाद्या माणसावर लिहा." मला फार शोधावे लागले नाही.

पेटंटताई घाबरत असत, आणि तसे उघडपणे सांगत. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, केंद्र सरकारच्या वरिष्ठ अधिकारी; पेटंटताई हे चाळीने ठेवलेले नाव. परंतु "मला भीती वाटते, गुरुजी," हे वाक्य त्या "आज उकडतंय" म्हणावे इतक्या सहज उच्चारीत. एखादा मोठा निकाल द्यावयाचा असला की त्यांचे हात गार पडत. मग आमच्याकडे येऊन चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून बसत. मी एकदा म्हटले, "इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर भीती जायला हवी." त्या म्हणाल्या, "गेली की मला घरी बसवा. भीती वाटते म्हणून तर मी सगळं पुन्हा वाचते."

त्यांचे वडील कोकणातून येऊन गिरणीत लागलेले. ताई रसायनशास्त्र शिकल्या, परीक्षा देऊन पेटंट कार्यालयात गेल्या. नवे औषध वा नवे यंत्र शोधणाऱ्याला ते वीस वर्षे एकट्यानेच विकण्याचा हक्क द्यावा की न द्यावा, हे ठरविणारे ते कार्यालय. चाळीला त्यातले इतकेच समजले की आपल्या ताई कसलासा शिक्का मारतात. तळमजल्यावरच्या मालवणी मावशी नळावर त्यांना हमखास अडवीत.

"ताई, माझ्या मसाल्याक पेटंट दी गो!"

"मसाला कुणाकडून शिकलात, मावशी?"

"माझ्या आयेकडसून."

"मग त्यात नवीन काय?"

"बरनी नवी हा ना!"

सगळा नळ हसला. ताईही हसल्या, आणि म्हणाल्या, "मोठमोठ्या कंपन्यासुद्धा हेच सांगायला येतात हो. फक्त त्यांच्याबरोबर वकील असतात."

रविवारी सकाळी त्या माझ्याकडे संस्कृत शिकावयास येत. स्तोत्रे वाचताना, एखादा असुर तप करतो, देव प्रसन्न होतो आणि मागेल तो वर देऊन मोकळा होतो, असा प्रसंग आला की त्या अस्वस्थ होत. "वर देताना देव अटी नीट का घालत नाहीत, गुरुजी? आमच्याकडे असा वर दिला असता तर चौकशी लागली असती." आमच्या सौ. स्वयंपाकघरातून म्हणत, "अगं, देवाला तुझ्या ऑफिसात पाठव ट्रेनिंगला."

सौ. ना रक्ताचा विकार आहे. रोज सकाळी एक गोळी घ्यावी लागते, आणि त्या एका गोळीवर त्यांचे सारे चालणेबोलणे अवलंबून आहे. परळच्या औषधवाल्याकडे ती आपल्याच देशातल्या कारखान्याची मिळे, निवृत्त शिक्षकाला परवडेल अशी. एके दिवशी तो दुकानदार हळू आवाजात म्हणाला, "गुरुजी, मूळच्या परदेशी कंपनीने याच औषधाच्या नव्या रूपासाठी, म्हणजे आपली गोळी ज्यापासून बनते त्याच रूपासाठी, पेटंट मागितलंय. ते मिळालं तर आपल्याकडच्या कारखान्यांना ही गोळी बनवणं बंद करावं लागेल. मग त्यांचीच गोळी." त्यांच्या गोळीचे मोल त्याने सांगितले. तेवढे पैसे आमच्या घरात कधीही येऊ शकणार नव्हते.

जुन्या औषधाचे नुसते रूप बदलले, गुण तोच राहिला, तर नवा हक्क नाही, असे कलम आपल्या संसदेने कायद्यात घालून ठेवले आहे. तेच कलम बाहेरच्यांना खुपत होते. त्याच सुमारास काही बलाढ्य देशांशी आपल्या व्यापारी कराराची बोलणी चालली होती. आपले कापड आणि कोळंबी तिकडे कमी जकातीने जावी, ही आपली मागणी. औषधांच्या हक्कांबाबत आपण हात सैल सोडावा, ही त्यांची. वृत्तपत्रांत शिष्टमंडळांची हसरी छायाचित्रे येत. मी ती पाहत असे. कुणाचा तरी कापडाचा गठ्ठा गलबतावर चढावा म्हणून माझ्या घरातली गोळी उतरविली जाईल, असे वाटे. आणि त्या माणसांना वाईट तरी कसे म्हणावे? कापड विणणाऱ्यांच्या घरीही चूल असतेच.

ताई या विषयावर एकदाच बोलल्या. तोवर हा अर्ज त्यांच्याकडे आलेला नव्हता. "करार दिल्लीत होतात, कायदा संसदेत होतो. शेवटी सही मात्र एका खोलीत बसलेल्या एका माणसाला करावी लागते. त्याच्या मानेला घाम सुटतो, ते कुणी लिहीत नाही."

पुढे त्यांचे रविवारी येणे थांबले. जिन्यात भेट झाली तर नमस्कार करून त्या भरभर वर जात. सौ. ना वाटले, आपल्या तोंडून काही बोलले गेले असावे. पौर्णिमेला आमच्याकडे सत्यनारायणाची पूजा होती. सौ. थकलेल्या असूनही प्रसादाची वाटी घेऊन स्वतः वरच्या मजल्यावर गेल्या; मी त्यांच्या मागे होतो.

ताईंनी दार उघडले. वाटी पाहिली, आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"अगं, प्रसाद आहे. हात पुढे कर."

"नको, काकू."

"उपास आहे का?"

"नाही."

"मग? देवाचा प्रसाद गं. नाही म्हणतात का कुणी?"

"मला ठाऊक आहे, काकू. आज नको. आणि मला काही विचारू नका." दार हलकेच लागले.

सत्यनारायणाचा प्रसाद टाकणाऱ्याचे काय होते, हे आमच्या पिढीने लहानपणापासून पाटावर बसून ऐकले आहे. तशा श्रद्धेच्या बाईने हात मागे घ्यावा! वाटी हातात धरून सौ. जिन्यातच बसल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "माझी गोळी तिच्या टेबलावर आलीय हो."

त्यानंतरचे दिवस कसे गेले, ते परमेश्वर जाणतो. वर पाऊल वाजले की आम्ही दोघे छताकडे पाहत असू. विचारावयाचे नाही, हे आम्हांला न सांगता कळले होते. एका सकाळी पूजेसाठी हळदीकुंकवाचा करंडा उघडला, तर कुंकवाखाली कागदात गुंडाळलेल्या गोळ्या. सौ. एक दिवसाआड गोळी घेत होत्या आणि उरलेल्या पुढच्या वाईट दिवसांसाठी साठवीत होत्या.

"हे काय केलंत?" मी पुडी त्यांच्यापुढे धरली.

"बंद झाली तर? थोडे दिवस तरी निघतील."

त्याच दिवशी त्यांना रुग्णालयात नेले. डॉक्टरीणबाई कठोरपणे म्हणाल्या, "आजी, अशा गोळ्या चुकवल्या तर आजार उलटेल, आणि मग हीच गोळी लागूसुद्धा पडणार नाही." रक्ताचा अहवाल येईपर्यंत मी जप करीत होतो, पण माळेचे मणी बोटांतून सुटत होते. देवाची कृपा, अहवाल सुधारण्याजोगा आला.

निकाल वृत्तपत्राच्या आतल्या पानावर लहानशा बातमीत आला. अर्ज फेटाळला होता. नव्या रूपात औषधाचा गुण वाढल्याचे सिद्ध झाले नाही, असे कारण. सौ. नी देवापुढे दिवा लावला. परंतु ताई खाली आल्या नाहीत, आणि थोड्याच दिवसांत कळले की कंपनी उच्च न्यायालयात गेली आहे. भीती पुन्हा घरात येऊन बसली.

तेथेही निकाल टिकला. त्यानंतर ताईंची कोलकात्याला बदली झाली. ती नेहमीच्या क्रमाने झाली की आणखी कशाने, हे मला ठाऊक नाही. मी विचारले नाही. सामान खाली गेल्यावर त्या आमच्या दारी आल्या आणि प्रथमच सारे बोलल्या.

"अर्ज माझ्याकडे आला तेव्हाच मी साहेबांना लेखी कळवलं होतं, की माझ्या चाळीत हे औषध घेणाऱ्या बाई राहतात. ते म्हणाले, शेजारी कुणी आजारी नाही असा अधिकारी मुंबईत कुठून आणू? तुम्हीच चालवा. पुढे कोर्टात त्यांच्या वकिलांनी तेच काढलं. त्या घरून या बाईंनी काय काय घेतलं, असं विचारलं." त्या थांबल्या. "मी सांगू शकले, की अर्ज आल्यापासून देवाचा प्रसादसुद्धा नाही."

सौ. नी डोळ्यांना पदर लावला.

"काकू, मी तुमच्यासाठी काही केलं नाही. अर्जात दम असता तर मी पेटंट दिलं असतं. तुम्ही समोर असतानाही दिलं असतं. त्या रात्रींत मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटायची."

"ठाऊक आहे गं," सौ. म्हणाल्या. "तू आमच्यासाठी केलं असतंस, तर ते पहिल्याच दिवशी कोर्टात उडालं असतं." आणि त्यांनी ताईंच्या पाठीवरून हात फिरविला. ताईंनी वाकून आम्हां दोघांना नमस्कार केला, आणि टॅक्सी भोईवाड्याच्या वळणावरून दिसेनाशी झाली.

सौ. ची गोळी आज चालू आहे. कराराची बोलणी मध्ये थांबली होती, ती पुन्हा सुरू झाल्याचे वाचतो. औषधांचा विषय त्यांत आहे. ताईंच्या खुर्चीवर आता कोण बसते, ते आम्हांला माहीत नाही. दुकानदाराने पुडी हातात ठेवेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

वाचकहो, आपल्या घरी आरोग्य नांदो, आपल्या लेकीसुनांचे, वडीलधाऱ्यांचे आयुष्य वाढो. आणि दूर कुठे एखाद्या खोलीत आपल्या माणसाच्या श्वासाचा निर्णय होणार असेल, तर तो करणाऱ्याला आपले नावही ठाऊक नसो, आणि तरीही त्याच्या हातून न्याय घडो, हाच माझा आपणांस व आपल्या कुटुंबास आशीर्वाद.