दोन रेघांच्या बाई

ठिपके बाईंच्या वर्गात नुसतं नाव सांगून भागत नसे. "कोणाकडून आलीस?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मोरिवलीतल्या विहाराच्या सभागृहात रविवारी सकाळी त्यांचा गणिताचा वर्ग भरायचा, फुकट. नवं पोर आलं की बाई फळ्याच्या डाव्या बाजूला खडूनं एक ठिपका काढत, त्याखाली नाव लिहीत आणि वर्गातल्या ओळखीच्या पोराच्या ठिपक्यापर्यंत रेघ ओढत. मी शेजारच्या संदेशचं नाव सांगितलं आणि बसायला वळले. "थांब. आणखी एक सांग. एका रेघेवर माझा भरवसा नाही." मला दुसरं कोणीच माहीत नव्हतं. मग बाईंनी मला पूजा नावाच्या मुलीशेजारी बसवलं, दोघींत एकच पुस्तक दिलं आणि वर्ग सुटताना माझी दुसरी रेघ ओढली.

ते चित्र वर्षभर कोणी पुसायचं नाही, जूनमध्ये नवं निघे. त्यात बाईंचा स्वतःचा ठिपका मात्र कधीच नसे. विचारलं तर म्हणत, "मी खडू धरते ना, तेवढं पुरे."

बाई उल्हासनगरच्या एका कॉलेजात शिकवत आणि बदलापूरच्या कडेला खरवईत राहत. आठवड्याचा एक सुटीचा दिवस, तोही आम्हाला. माझे वडील इथल्याच एका कंपनीत टर्नर. ते एकदा म्हणाले, "बाई, रविवारी तरी आराम करा की." बाई म्हणाल्या, "दादा, आरामच करतेय. कॉलेजात परीक्षेचं गणित असतं, इथं माझं."

त्यांचं गणित म्हणजे ग्राफ थिअरी. शाळेतल्या ग्राफपेपरशी तिचा संबंध नाही, हे समजायलाच आम्हाला महिना लागला. "ठिपके म्हणजे वस्तू, रेघा म्हणजे नाती. कोण कुठं आहे ते सोडा, कोण कोणाशी जोडलंय तेवढं बघा." रांगोळी येणाऱ्या मुली लगेच खूश झाल्या. आमच्या गल्लीत कावीळ पसरली तेव्हा बाईंनी आम्हाला घरांचे आणि नळांचे ठिपके काढायला लावले. आजारी घरांच्या रेघा गटाराकडेच्या एकाच नळाशी जाऊन मिळाल्या. तो नळ बंद झाला, आणि गल्लीतल्या बायका आम्हाला उगाच डॉक्टर म्हणू लागल्या.

वर्गाला पाठकोरे कागद उल्हासनगरचे एक सिंधी शेठ द्यायचे. ते आणायला बाई स्वतः कधी जात नसत. दर वेळी दोन वेगळी पोरं, तीही एकमेकांशी न बोलणारी. शेठ वैतागून फोन करत, "टीचर, हर बार नया बच्चा! मी ओळखू कोणाला?" बाई सांगत, "सगळ्यांना ओळखा, शेठ." बाईंना उन्हात जायचा कंटाळा आहे, अशी आमची पक्की समजूत होती.

पुढे मी बंगळूरला एका प्रयोगशाळेत गेले. क्षयाच्या जंतूतलं कोणतं प्रथिन कोणाशी जोडलेलं आहे, याचं जाळं मांडायचं आणि औषधानं नेमका कुठं घाव घालावा ते शोधायचं, हे माझं काम. सुटीत मोठ्या ऐटीत बाईंना ते जाळं दाखवलं. म्हटलं, "हा बघा, सगळ्यात जास्त रेघा याला. हाच महत्त्वाचा." बाईंनी चष्मा वर केला. "रेघा मोजू नकोस गं. कोण गेल्यावर चित्राचे तुकडे होतात, ते बघ." त्यांचं बोट कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर होतं. त्याला दोनच रेघा होत्या, पण जाळ्याचे दोन भाग त्या एकट्यानं धरून ठेवले होते. मग हसून म्हणाल्या, "तू जंतूचं चित्र तोडायला शिकतेयस, मी आपलं तुटू नये म्हणून बघते. गणित एकच."

बाई आजारी पडल्या आणि डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा आम्हा जुन्या पोरांना एकच घोर लागला: वर्गाचं काय? मी तोवर बंगळूरहून परत आले होते; पुढाकार मीच घेतला. नवीन पोरं, कागद, किल्ली, शिकवणाऱ्यांच्या पाळ्या, सगळं माझ्यामार्फत, अशी योजना कागदावर काढून खरवईला घेऊन गेले. मध्ये माझा ठिपका, भोवती बाकीचे. बाईंनी पडल्या पडल्या तो कागद बघितला आणि मधल्या ठिपक्यावर अंगठा ठेवला.

"आता काय उरलं?"

एकही रेघ उरली नव्हती.

"चांदणी दिसायला छान असते," बाई दमून म्हणाल्या. "पण मधला गेला की सगळे पोरके. माझ्यामागं वर्ग बंद पडला, तर मी जन्मभर चुकीचं शिकवलं असं समज. तू ये. पण मध्ये बसू नकोस."

थंडीत बाई गेल्या. पुण्यानुमोदनाच्या विधीनंतरच्या रविवारी मी लवकरच मोरिवलीला निघाले. मध्ये बसणार नाही असा बाईंना शब्द दिला होता, तरी मनात होतंच की वर्ग बंद असणार, आपल्यालाच उघडावा लागणार. दारातच आवाज ऐकू आला. संदेश शिकवत होता; रात्रपाळी करून थेट आला असावा, अंगात कंपनीचाच शर्ट होता. शेठकडचे कागद दोन पोरं वाटत होती. किल्ली कोणाकडे होती, कोणी कोणाला सांगितलं, मला काहीच माहीत नव्हतं. मला कोणी फोनही केला नव्हता. खरं सांगते, आधी वाईट वाटलं. मग रडू आलं, पण ते त्या वाईटाचं नव्हतं.

एक मुलगी खडू घेऊन पुढे आली. "जय भीम, ताई. कोणाकडून आलात?"

"बाईंकडून."

तिनं फळ्याकडे पाहिलं. "बाई यात नाहीत, ताई. वर्गातलं कोणी सांगा."

मी संदेशकडे बोट केलं. तिनं माझा ठिपका काढला, रेघ ओढली आणि खडू तसाच धरून उभी राहिली.

"आणखी एक."

मी फळ्यावरची नावं वाचली; संदेशशिवाय ओळखीचं एकही नव्हतं. मग तिनंच दुसरी रेघ ओढायला घेतली आणि खालच्या एका ठिपक्यापर्यंत नेली.

"ही मी," ती म्हणाली. "या, माझ्याशेजारी जागा आहे."