खटक्यावर घेतलेलं नाव

मोर्सची, म्हणजे तारेच्या कडकट्ट भाषेची परीक्षा मी हौसेनं दिली नाही, अडल्यापायी दिली. आमचे हे विजेच्या खात्यात. त्यांची बदली झाली पांढुर्ण्याला, मी सासूबाईंजवळ सौसरलाच. फोन अख्ख्या गल्लीत नव्हता. पण यांना हौशी रेडिओचं वेड, लायसनही होतं. इकडे एक, तिकडे एक, असे दोन सेट यांनी हातानं जुळवले. ही परीक्षा पास होऊन मला माझं लायसन मिळालं तरच इकडच्या सेटवरून यांच्याशी बोलता येणार होतं. नाहीतर रविवारपर्यंत तोंडाला कुलूप.

पितळी खटका दाबायचा. थोडा दाबला की डिट, लांब दाबला की डा. माझा तो सराव बोटांनी पोळपाटावरही चालायचा.

"काय टकटक करून राहिली वं?" सासूबाई विचारत.

"अभ्यास, आई."

"पोळ्या जळून राहिल्या तुह्या अभ्यासानं!"

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं की त्याचं आयुष्य घटतं म्हणत. लग्नात सगळ्यांनी उखाण्यासाठी धरलं, तर मी नुसतं हसून वेळ मारून नेली. मतदारयादीवाला दारात आला तेव्हाही नाव सांगायला सासूबाईंनाच बोलावलं. शिकलेली होते मी, खुळचटपणा आहे हे कळत होतं. पण भीती कळण्यानं जात नाही ना बापा.

परीक्षा नागपूरला. नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं गेलो. लोधीखेडा मागे पडलं तरी हे बाकावर बोटानं ठोकून माझी उजळणी घेतच होते. ऐकून लिहायचा भाग नीट झाला. मग पाठवायचा भाग. साहेबांनी इंग्रजी उतारा समोर ठेवला. मी खटका दाबला की यंत्राची शिट्टी पार व्हरांड्यापर्यंत जायची, आणि व्हरांड्यात हे बसलेले.

तिसऱ्या ओळीत एका मुलाचं नाव आलं. तेच. यांचं.

माझा हात थांबला. गाळलं तर चुका इतक्या होतील की नापास. पाठवलं तर? यांना काही झालं तर?

"थांबलात का, मॅडम? वेळ चालू आहे."

मनात म्हटलं, देवा, तोंड तर मी उघडलंच नाही. मग वाटलं, हे कोणाला फसवून राहिली मी? तोंडानं घेतलं काय आन् हातानं घेतलं काय, नाव ते नावच. आणि खरं सांगू? मला ते घ्यायचं होतं. लग्न झाल्यापासून घ्यायचं होतं. एकेक अक्षर सावकाश पाठवलं, एकही डिट चुकू दिला नाही.

बाहेर आले तर हे उभे. कान लाल झालेले. वाटलं, पास-नापास विचारतील.

इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "अजून एक डाव घे न वं."

घरी येईपर्यंत मी यांच्याकडे पाहिलं नाही.

लायसन आलं. त्या संध्याकाळी सेट लावला. बाजूला सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सुरुवातीचे नियमाचे शब्द पाठवले आणि मग, त्यांच्या देखत, यांचं नाव.

"काय म्हणून राहिली वं?"

"काही नाही, आई," मी म्हटलं, "तुमच्या लेकाला हाक मारून राहिली."