काचेखालचं चकचकीत यंत्र

द्राक्षाला साल असते आणि आत बी असते, हे नाशकातल्या माणसाला समजावून सांगावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मला ते आमच्या मालकांना सांगावं लागलं, आणि ते तर द्राक्षबागायतदाराचे चिरंजीव.

मी शहराबाहेरच्या एका वायनरीत उत्पादन सांभाळत होते. त्या हंगामात आम्ही पहिल्यांदाच रेड वाइन करणार होतो. ती नीट उतरली तर प्लँटचं प्रमुखपद माझं, असा शब्द मालकांनी दिला होता. रेडसाठी द्राक्षं चिरडून साली-बियांसकट आंबवतात. पण आधी तो लगदा झटपट गार करावा लागतो, नाहीतर आपल्या हवेत तो आपला आपणच फसफसायला लागतो. त्यासाठी यंत्र घ्यायचं होतं, आणि समोर दोन प्रकार होते. एकात स्टीलचे पत्रे एकाला एक लावलेले. एका फटीतून रस, शेजारच्या फटीतून गार पाणी. आटोपशीर, चकचकीत, पण फटीत करंगळीसुद्धा जाणार नाही. दुसऱ्यात नळीच्या आत नळी. लांबलचक, जागा खाणारं, दिसायला गबाळं, पण लगदा सरळ निघून जातो.

"नळ्यांचंच घेऊ," मी म्हणाले. "प्लेटवालं गाळलेल्या रसाला उत्तम, आणि तसं एक आपल्याकडे आहेच. लगदा त्यात तुंबणार."

मालकांनी वर बोट दाखवलं. वर पाहुण्यांसाठी काचेची गॅलरी होती. "मॅडम, लोक पुण्या-मुंबईहून येतात. त्यांना काय हे नळ्यांचं जंजाळ दाखवायचं?"

प्लेटवालं आलं, आणि पहिल्याच दिवशी तुंबलं. पेठ तालुक्यातला आमचा फिटर बोल्ट सोडून पत्रे वेगळे करायचा, साली खरवडायचा, पुन्हा आवळायचा. थोड्या वेळात त्याची हाक, "मॅडम, परत गच्च बसलं. हे नाय चालायचं." बाहेर द्राक्षांचे ट्रॅक्टर उभे, आत टाकीतला लगदा तापतोय. असे चार दिवस गेले, आणि शेवटी झाकण उघडलं तर व्हिनेगरचा भपकारा आला. टाकी ओतून द्यावी लागली. मी रडले नाही. इतकी चिडले होते की रडायचं सुचलंच नाही.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मालक सगळ्यांदेखत म्हणाले. "यंत्र चालवायला अक्कल लागते."

प्रमुखपदी पुण्याहून एक गृहस्थ आले. त्यांनी आल्याआल्या नळ्यांचं यंत्र मागवलं. ते मागच्या शेडमध्ये बसलं, आणि मालकांनी त्यांच्या दूरदृष्टीचं तोंडभरून कौतुक केलं. मी नोकरी सोडली नाही. घर इथलं, मुलीची शाळा इथली, आणि या कामाच्या जागा नाशकात अशा किती असणार?

प्लेटवालं अजून गॅलरीखालीच आहे. पाइप काढलेत, पण रोज पुसलं जातं, वर खास दिवा लावलाय. शनिवार-रविवार पाहुण्यांना माहिती द्यायचं काम आता माझ्याकडे असतं. परवा मालक स्वतः काही पाहुणे घेऊन आले. त्यांतल्या एक बाई काचेला नाक लावून म्हणाल्या, "किती सुंदर मशीन आहे!"

"आमच्या मॅडमची निवड," मालक माझ्याकडे हात करून म्हणाले.

बाईंनी माझं अभिनंदन केलं. मी थँक यू म्हणाले.